ठिणगीची वेळ

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर निपाणी मागे पडली, की थोड्याच वेळात तवंदीचा घाट सुरू होतो. सह्याद्रीतील मोठ्या घाटांच्या मानाने हा चढ फार नव्हे. रस्ता चौपदरी झाल्यापासून तर येथे चढ आहे, हेही आजच्या मोटारी प्रवाशाला जाणवू देत नाहीत. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वी असा प्रत्येक चढ म्हणजे मोटारीची परीक्षा असे. चालक गाडी वरच्या गियरमध्ये ठेवी, ॲक्सिलरेटर दाबी आणि कान इंजिनाकडे लावी. डब्यात खडे खुळखुळावेत तसा बारीक आवाज येऊ लागला, तर ठिणगी वेळेच्या आधी पडत आहे असे समजावे. आवाज मुळीच नाही, पण गाडीही ओढत नाही आणि पाणी मात्र तापत आहे, तर ठिणगीला उशीर होत आहे असे समजावे. या दोन दोषांच्या मधली नेमकी जागा ज्याला सापडली, त्याची गाडी घाट चढून संकेश्वरच्या वाटेला लागे.

ही जागा राखणारे यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. इंजिनाच्या अंगाला बसवलेले, मुठीएवढे, काळ्या टोपीचे आणि टोपीतून जाड तारा बाहेर पडलेले हे यंत्र जुन्या मोटारींच्या मालकांना चांगले परिचयाचे आहे. त्याचे काम वरकरणी सोपे दिसते. एका ठिकाणी निर्माण झालेली वीज चार किंवा सहा सिलिंडरांना पाळीपाळीने वाटून द्यावयाची, एवढेच त्याच्या नावावरून कळते. वस्तुतः वाटणी हा त्याच्या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग वेळेचा आहे. आणि या वेळेचा इतिहास म्हणजे मोटारीच्या इतिहासातील एक मोठे प्रकरणच होय.

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते. ते पुरते दाबले गेले की ठिणगी टाकावी, म्हणजे स्फोट होऊन दट्ट्या खाली ढकलला जाईल, असे सामान्य माणसाला वाटते. परंतु मिश्रण बंदुकीच्या दारूप्रमाणे एकदम उडत नाही. ते पेटत जाते, आणि पेटत जाण्यास सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. हा काळ डोळ्याची पापणी लवण्याहूनही पुष्कळ कमी आहे. पण इंजिनाच्या दृष्टीने तो मोठा आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा क्रँक सेकंदाच्या एक हजारांश भागात १८ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. इंजिन सावकाश चालत असेल, मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर तेवढ्याच वेळात क्रँक साडेतीन अंशांच्या आसपासच फिरतो. तेव्हा ठिणगीही माथ्याच्या अगदी जवळ पडली पाहिजे. म्हणजे ठिणगीची योग्य वेळ एकच एक नाही. ती वेगाबरोबर, चढाबरोबर आणि इंधनाबरोबर बदलते. ही बदलती वेळ कोणी सांभाळावयाची, या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांत तीन निरनिराळी उत्तरे मिळाली.

आरंभीच्या शोधकांना वेळ साधणे तर दूरच, ठिणगी पाडणे हीच पंचाईत होती. फ्रान्समध्ये लन्वार याने १८६० साली आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या आणि तारा बेभरवशाच्या होत्या. जर्मनीत ओटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, ते गॅसच्या ज्योतीने पेटे. डाइम्लरने १८८५ च्या सुमारास सिलिंडरला एक नळी जोडली आणि ती बाहेरून दिव्याने लाल तापवली. या तप्त नळीला वेळ अशी ठरवून देता येत नसे. मिश्रण तिच्यात दाबले गेले, की पेटे. कार्ल बेंझ याने मात्र आपल्या तीनचाकी मोटारीत बॅटरी आणि कॉइल यांचाच आश्रय घेतला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था हिने पतीला न सांगता ती मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला नेली. लांब पल्ल्याचा हा पहिला मोटार प्रवास मानला जातो. वाटेत ठिणगीच्या तारेचे वेष्टण झिजले, तेव्हा पायमोज्याचा बंद गुंडाळून तिने ते काम भागवले, असे सांगितले जाते. जगातील पहिल्या मोठ्या मोटार प्रवासातील एक बिघाड ठिणगीचाच होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

योगायोगाची गोष्ट अशी, की १८८८ हेच साल बेळगावच्या यंत्रविद्येच्या इतिहासातही आरंभाचे साल म्हणून सांगितले जाते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते याच साली. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. मोटारीच्या ठिणगीशी या दुकानाचा प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि परदेशातून आलेले यंत्र उघडून पाहावे, त्याचा प्रत्येक भाग काय काम करतो ते समजून घ्यावे आणि हाताने ते पुन्हा जुळवावे, ही वृत्ती या परिसरात मोटारींच्या आधी सायकलींनी रुजवली, असे म्हणावयास हरकत नाही.

विजेची ठिणगी भरवशाची झाली ती दोन वाटांनी. पहिली वाट मॅग्नेटोची. रॉबर्ट बॉश याने १८९७ साली एका द दिओं तीनचाकीवर मॅग्नेटो बसवला, आणि १९०२ साली त्याच्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करी; त्याला बॅटरी लागत नसे. पण इंजिन सावकाश फिरवताना त्याची ठिणगी दुबळी पडे. दुसरी वाट अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने काढली. ओहायो राज्यातील डेटन येथे त्याने सहकाऱ्यांसह कंपनी स्थापन केली आणि १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींसाठी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे संपर्कबिंदू यांची नवी रचना दिली. १९१२ साली त्याच मोटारींना त्याचा विजेचा स्टार्टर बसला. त्याच्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांचा शब्द डेल्को असा होतो. आपल्या देशातील कित्येक मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला आजही डेल्को म्हणतात. त्यांतील बहुतेकांना हे एका कंपनीचे नाव आहे याची कल्पनाही नसेल.

केटरिंगच्या रचनेचे तत्त्व पुढे सत्तर वर्षे बदलले नाही. बॅटरीची वीज कॉइलच्या जाड वेटोळ्यातून वाहते आणि चुंबकशक्ती साठते. डिस्ट्रिब्यूटरमधील कॅम फिरता फिरता दोन बिंदू एकमेकांपासून दूर करतो. प्रवाह तुटताच कॉइलच्या बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. तो टोपीच्या मध्यावरून रोटरवर, रोटरवरून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या तारेत आणि तारेतून प्लगमध्ये जातो. बिंदूंवर ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून जोडीला कंडेन्सर असतो. म्हणजे ठिणगी पडते ती बिंदू मिटताना नव्हे. ते उघडतात त्या क्षणी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले, तर ही क्रिया सेकंदाला १०० वेळा होते.

या रचनेत ठिणगी भरवशाची झाली, तरी वेळेचा प्रश्न उरलाच होता. त्याचे पहिले उत्तर चालकाच्या हातात होते. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या टी मोटारीत स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांडे असत; एक पेट्रोलचा, दुसरा ठिणगीचा. गाडी वेगात आली की चालक ठिणगीचा दांडा सरकवून वेळ पुढे आणी. चढ लागला, इंजिन दमले, की मागे घेई. हँडल मारून इंजिन सुरू करावयाचे असेल, तर ठिणगी मागे घेण्यास विसरून चालत नसे. विसरले, तर मिश्रण दट्ट्या माथ्यावर येण्यापूर्वीच पेटे, हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. त्या काळात मोटार चालविणे ही एक स्वतंत्र विद्या मानली जाई, ती उगीच नव्हे.

दुसरे उत्तर यंत्राने दिले. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर स्प्रिंगांनी आवळलेली दोन लहान वजने बसविण्यात आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि कॅमला थोडे पुढे सरकवीत. पुढे इंजिनाच्या शोषणाने हलणारी पडद्याची डबी आली. गाडी हलक्या भाराने धावत असता ती ठिणगी आणखी पुढे आणी, आणि चढावर भार पडला की मागे घेई. चालकाचा दांडा नाहीसा झाला. परंतु वजने आणि डबी ही केवळ फरक सांभाळीत. कोणत्या बिंदूपासून फरक मोजावयाचा, ती मूळ जागा माणसालाच ठरवून द्यावी लागे. चालकाच्या हातून निसटलेली जबाबदारी अशा रीतीने मिस्त्र्याच्या हाती आली.

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात हा बदल घडला तो मुंबई इलाख्याच्या काळात. फोर्डची भारतातील कंपनी १९२६ साली मुंबईत स्थापन झाली, आणि जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. मुंबईस जुळविलेल्या शेवरोले आणि फोर्ड गाड्या पुणे-बंगळूर रस्त्याने या भागात येणे स्वाभाविक होते. १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. छावणीमुळे शहराला मोटारींची ओळख लवकर झाली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने तर सहा सिलिंडरांची १९३६ सालची जर्मन मायबाख बाळगली, आणि ती दसऱ्याच्या मिरवणुकीत निघाली की आजही लोक पाहावयास उभे राहतात.

दुसऱ्या महायुद्धात मात्र सर्वांचीच परीक्षा झाली. पेट्रोलचे नियंत्रण आले, आणि मुंबई इलाख्यातील कितीतरी प्रवासी मोटारींच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या जोडण्यात आल्या. भट्टीत लोणारी कोळसा जळे आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चाले. हा गॅस पेट्रोलच्या वाफेपेक्षा सावकाश पेटतो. कारखान्याने सांगितलेल्या खुणेवर ठिणगी ठेवली, तर गाडी सपाटीवरही रखडे. यासाठी डिस्ट्रिब्यूटर सैल करून ठिणगी बरीच पुढे आणावी लागे, आणि पुन्हा पेट्रोलवर जावयाचे झाल्यास ती मागे घ्यावी लागे. पुस्तकातील खूण ही अटळ आज्ञा नाही, ती एका विशिष्ट इंधनापुरती आहे, हा धडा त्या काळातील मिस्त्र्यांनी हात काळे करून घेतला. युद्ध संपले, भट्ट्या भंगारात गेल्या. धडा मात्र राहिला.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक प्रसंग आला. देशातच भाग तयार करण्याची योजना ज्यांच्यापाशी नाही, अशा परदेशी कंपन्यांनी मोटारी जुळविण्याचे काम थांबवावे, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. जनरल मोटर्सचा मुंबईचा कारखाना १९५४ साली बंद झाला. फोर्डनेही काम आवरले. रस्त्यावरील गाड्या मात्र रस्त्यावरच होत्या. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा एका गाडीचा डिस्ट्रिब्यूटर दुसरीला, एका कंपनीचा कंडेन्सर दुसऱ्या कंपनीच्या कॉइलला, अशी जुळवाजुळव सुरू झाली. नव्या गाड्या निघत त्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याच्या फियाट, कलकत्त्याजवळच्या हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर आणि मद्रासच्या स्टँडर्ड. १९६१ साली मद्रास येथे ल्यूकस-टीव्हीएस कंपनी स्थापन झाली आणि विजेचे भाग देशात घडू लागले. मोजक्याच जातीच्या गाड्या तीस-चाळीस वर्षे चालल्या; त्यामुळे एका मिस्त्र्याचे ज्ञान त्याच्या हाताखालच्या पोरापर्यंत आणि त्याच्याकडून पुढच्या पोरापर्यंत न बदलता जाऊ शकले.

याच काळात या पट्ट्याच्या राज्यकारभारात मोठा बदल झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आज कोल्हापूरच्या गाडीवर एमएच-०९, बेळगावच्या गाडीवर केए-२२ आणि निपाणीच्या गाडीवर केए-२३ असे क्रमांक दिसतात. कोगनोळीच्या नाक्यावर एक राज्य संपून दुसरे सुरू होते. तथापि मिस्त्र्याच्या कामाची भाषा मराठी, कानडी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातूनच सिद्ध झालेली आहे. पॉइंट, कॉइल, रोटर आणि टायमिंग हे शब्द नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने उच्चारले जातात.

हे टायमिंग बांधतात कसे, ते येथे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कारण ही कृती आता थोड्यांनाच ठाऊक आहे. पहिली पायरी म्हणजे क्रमांक एकच्या सिलिंडरचा दट्ट्या माथ्यावर आणणे. प्लग काढावा, भोकावर अंगठा दाबून धरावा आणि दुसऱ्याने हँडल सावकाश फिरवावे. हवा अंगठ्याला ढकलू लागली, की दट्ट्या मिश्रण दाबीत वर येत आहे. मग पुलीवरील खाच आणि इंजिनावरील खूण जुळेपर्यंत फिरवावे. अंगठ्याची ही परीक्षा गाळणे हा नवशिक्याचा नेहमीचा प्रमाद होय. चार टप्प्यांच्या चक्रात दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो. एकदा मिश्रण दाबताना, एकदा जळका धूर बाहेर टाकताना. खाच दोन्ही वेळा जुळते. चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्यूटर बसविला, तर सगळे जागच्या जागी दिसते, आणि इंजिन मात्र कार्ब्युरेटरमधून फटाके उडवते.

दुसरी पायरी बिंदूंमधील अंतराची. ल्यूकस घडणीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये हे अंतर इंचाच्या १४ ते १६ हजारांश भागांएवढे, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चार दशांश असावे लागते. ते वेळेच्या आधी लावावयाचे, मागाहून नव्हे. अंतर वाढविले की बिंदू लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप पुढे येते. कॅमवर घासणारी टाच झिजून अंतर कमी झाले, की ठिणगी मागे पडते. आधी वेळ लावून मागाहून अंतर नीट करणारा आपलेच काम मोडतो.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बसविण्याची. रोटरचे तोंड टोपीतील एक नंबरच्या तारेकडे असले पाहिजे. काही इंजिनांत डिस्ट्रिब्यूटरचा दांडा तिरक्या दात्यांच्या चाकाने फिरतो. तेथे दाते एकमेकांत शिरताना रोटर थोडा वळतो, म्हणून तो तेवढा आधीच मागे धरून आत सोडावा लागतो. अँबॅसडरच्या इंजिनात दांड्याच्या टोकाची जीभ मध्यापासून किंचित बाजूला असते. ती एकाच रीतीने बसते, चुकीच्या रीतीने बसतच नाही. मग टोपीवरील तारा रोटर फिरतो त्या दिशेने एक, तीन, चार, दोन या क्रमाने लावावयाच्या. अँबॅसडर आणि फियाट दोहोंचाही क्रम हाच आहे.

चौथी पायरी ठिणगीच्या क्षणाची. मीटर आणि यंत्रे नव्हती तेव्हा मिस्त्री बारा व्होल्टांचा लहान दिवा वापरीत. त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरकडे येणाऱ्या बारीक तारेला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी लावली असता बिंदू मिटलेले असतील तर दिवा विझलेला राहतो. ते उघडताच पेटतो. दिवाही नसला, तर सिगारेटच्या पातळ कागदाची चिटोरी बिंदूंमध्ये धरीत; ती सैल होऊन सुटली की बिंदू उघडले. खूण माथ्याच्या आधी सांगितलेल्या अंशांवर आणावयाची आणि डिस्ट्रिब्यूटरचे धड हळूहळू फिरवून दिवा नेमका त्याच जागी पेटेल असे करून पेच आवळावयाचा. रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट धड वळविले, तर ठिणगी पुढे येते. त्याच दिशेने वळविले, तर मागे जाते. ल्यूकसच्या डिस्ट्रिब्यूटरवर बारीक फरकासाठी एक खाचदार चक्रीही असे आणि तिच्याजवळ ए आणि आर ही अक्षरे. ए पुढे आणण्यासाठी, आर मागे घेण्यासाठी.

शेवटची पायरी रस्त्यावरची, आणि तेथे या मुलुखाची जमीन व हवा कामात भाग घेतात. इंजिन गरम झाल्यावर चढावर वरच्या गियरमध्ये गाडी ताणावी. खडखड क्षणभर ऐकू येऊन नाहीशी झाली, तर टायमिंग उत्तम. चालूच राहिली, तर चक्री एक-दोन खाचा मागे. ही खडखड म्हणजे केवळ कानाला होणारा त्रास नव्हे. वेळेपूर्वी आणि वेडेवाकडे पेटणारे मिश्रण दट्ट्याला वर येता येताच हातोडा मारते; तसे पुष्कळ दिवस चालले, तर दट्ट्याला भोक पडते. त्यातही बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. तेथील विरळ हवेत इंजिनात दाब थोडा कमी होतो आणि खडखडही कमी. म्हणून बेळगावात बिनतक्रार चालणारी गाडी आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून कोकण-गोव्याच्या दाट, उष्ण हवेत गेली, की कुरकुरू लागते. पावसाळ्याचे तर निराळेच. बेळगावच्या जुलैतील झडीत टोपीच्या आत ओल धरते, हजारो व्होल्टांची वीज तारेने जाण्याऐवजी ओलसर भिंतीवरून वाट काढते, आणि एकदा अशी वाट जळून काळी रेघ उमटली की कोरड्या दिवसातही गाडी चुकू लागते. कोरड्या फडक्याने टोपी आतून पुसणे, हा त्या मोटारींच्या काळी पावसाळी सकाळचा नित्यक्रम होता.

वेळेच्या प्रश्नाला तिसरे उत्तर मिळाले ते विजेच्या गणकयंत्राने. प्रथम बिंदूंच्या जागी चुंबकाची खूण ओळखणारे इलेक्ट्रॉनिक भाग आले. सन २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, पेट्रोल फवारणारी इंजिने सर्वत्र आली आणि डिस्ट्रिब्यूटरच हळूहळू नाहीसा झाला. आता प्रत्येक सिलिंडरला बहुधा स्वतंत्र कॉइल असते. इंजिनावर बसविलेला संवेदक खडखड ऐकतो आणि ठिणगी त्याच क्षणी मागे घेतली जाते. तवंदीच्या घाटात चालकाचा कान जे करी, तेच काम तो संवेदक करतो. फरक इतकाच, की तो थकत नाही आणि चालकाला काही सांगतही नाही. प्रीमियरच्या पद्मिनी गाड्यांचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, अँबॅसडरचे २०१४ साली.

हे सर्व झाले ते योग्यच झाले. नव्या गाड्या पेट्रोल कमी जाळतात आणि हवा कमी बिघडवतात. प्रश्न आहे तो उरलेल्या जुन्या गाड्यांचा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. १९७० पूर्वीच्या फियाट आणि अँबॅसडर आता या वर्गात बसू शकतात. मूळ स्वरूप राखावयाचे तर डिस्ट्रिब्यूटरही मूळचाच राखला पाहिजे, आणि तो राखावयाचा तर त्याची वेळ बांधणारा हात पाहिजे. टोपी, रोटर, बिंदू हे भाग शोधले तर अजून मिळतात. अंगठ्याने दाब ओळखणारा आणि चढावर कान देणारा मिस्त्री शोधून मिळणे अधिक अवघड झाले आहे.

शिवाय जुन्या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. आजच्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस भागांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि ते मुख्यतः ऊस आणि धान्य यांपासून येते. वेदगंगा आणि हिरण्यकेशी यांच्या काठचा हा सारा मुलूख उसाचा आहे. इथेनॉलने खडखड कमी होते, पण मिश्रण पातळ पडते आणि जुन्या रबरी नळ्या खराब होतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकात छापलेली खूण त्या काळच्या पेट्रोलसाठी होती. नव्या इंधनासाठी योग्य जागा पुन्हा एकदा दिवा लावून, धड किंचित फिरवून आणि चढावर गाडी ताणून शोधावी लागेल. कोळशाच्या भट्ट्यांच्या दिवसांत नेमके हेच करावे लागले होते.

म्हणून ज्याच्या दारात जुनी फियाट किंवा अँबॅसडर उभी आहे, त्याने ती केवळ धुऊन-पुसून ठेवण्यात समाधान मानू नये. गावातील वयस्क मिस्त्र्याला एकदा बोलवावे, टोपी उघडावयास लावावी आणि घरातील तरुण मुलाच्या हाती तो लहानसा दिवा द्यावा. खूण जुळून दिवा पेटतो तो क्षण एकदा स्वतःच्या हातांनी साधला, की मग तो कोणाला पुस्तकातून शिकवावा लागत नाही.